डाग आमच्या आधीचा आहे

पतसंस्थेत वसुलीच्या कामाला लागून मला पंचवीसेक वर्षं झाली. लोकांच्या दारात उभं राहून मी काय काय ऐकलं नाही? ऊसबिल आलं की देतो, पोराच्या खात्यावर आहेत, मालक रानात गेलेत. हे शेवटचं वाक्य ऐकत असताना मालक आतल्या खोलीत घोरत असायचे आणि ते घोरणं मला ओसरीत ऐकू यायचं. तरी मी चिवटपणे बसून राहायचो आणि हप्ता घेऊनच उठायचो. शाखेत माझा दरारा होता. निदान मला तसं वाटायचं. बाकीच्यांना काय वाटायचं हे विचारायची वेळ मी कधी येऊ दिली नाही.

असा हा वसुलीतला वाघ स्वतःचं डिपॉझिट सोडवायला निघाला तेव्हा त्याचं काय झालं, ते सांगतो.

बारामतीत आम्ही अकरा वर्षं एकाच घरात भाड्यानं राहिलो. भिगवण रस्त्यापासून जरा आत, वरचा मजला आमचा, खाली घरमालक. त्यांना सगळी गल्ली तात्या म्हणायची, आम्हीही म्हणायचो. तात्यांचं उसाचं रान होतं, गावात घर होतं, आणि पोरांच्या शाळेसाठी त्यांनी हे घर बांधलं होतं. पोरं शिकून पुण्याला गेली आणि घरात तात्या, काकू आणि दारातला ट्रॅक्टर एवढेच उरले. तात्या बोलायला कमी. दिवसातून एकदा पाण्याची टाकी बघायला वर यायचे, झाकण उचलायचे, परत ठेवायचे, आणि काही न बोलता खाली जायचे. काकू मात्र जिना चढल्या की कधी गूळ, कधी ओला हरभरा, कधी पाटीभर वांगी घेऊनच चढायच्या. आमचं भांडण झालंच तर मोटर कुणी चालू ठेवली यावरून व्हायचं, आणि ते दुपारच्या चहाला मिटायचं.

मग मुलीला इंदापुरात सरकारी कचेरीत नोकरी लागली. एकुलती एक मुलगी, रोजचा एसटीचा प्रवास नको, म्हणून मी खटपट करून बदली इंदापूर शाखेला घेतली. सामान टेम्पोत भरलं. काकूंनी बायकोची ओटी भरली, दोघी गळ्यात पडून रडल्या. तात्या म्हणाले, हिशेब मागनं करू. त्यावर मी, ज्यानं उभ्या आयुष्यात कुणाला रुपया सोडला नाही, छाती भरून म्हणालो, "तात्या, आपल्यात कसला आलाय हिशेब."

दीड महिन्यानं हिशेब आला.

तीस हजारांतले बारा हजार कापून तात्यांनी अठरा हजार पाठवले. फोनवर त्यांनी एकेक बाब सांगितली. नळाला क्षार चढून तो गेला होता, खिडकीची जाळी फाटली होती, रंग द्यावा लागणार होता. एवढं ठीक होतं. पण शेवटी म्हणाले, आतल्या खोलीत भिंतीला तेलाचा डाग हाय, त्यावर रंग धरत न्हाय, खरवडून पुट्टी भरायला लागतीय, त्याचे चार हजार वेगळे.

खरं सांगायचं तर तिथं असा काही डाग होता की नव्हता हेच मला आठवेना. पण चार हजार ऐकल्यावर माझ्यातला अधिकारी जागा झाला. अकरा वर्षं माणूस राहिला तर भिंतीला रंग लागणारच, त्याचे पैसे भाडेकरूनं का द्यायचे? आणि तेलाचा डाग म्हणजे काय, आम्ही घरात घाणा चालवत होतो? मी तात्यांना फोन करून हे सगळं ऐकवलं. तात्या म्हणाले, पेंटर म्हणला तसं सांगितलं. मी म्हणालो, पेंटरला काय, तो सांगेल तेवढं थोडंच. मग करारनामा काढून बघितला. अकरा महिन्यांचा करार आम्ही एकदाच केला होता आणि तो संपून दहा वर्षं उलटली होती. कर्जदारांचं कागदपत्र एक दिवस जुनं झालं तरी मी त्यांना दारात उभं करायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बायको म्हणाली, "लोकांची वसुली करता, आता स्वतःची करून दाखवा." तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं होतं. मी ते आव्हान म्हणून घेतलं.

याच दिवसांत घरात दुसरं एक काम चालू होतं, आणि खरं म्हणजे तेच महत्त्वाचं होतं. मुलीचं लग्न ठरत होतं. मुलगा बावड्याचा. बारामतीच्या अभ्यासिकेत दोघांची ओळख झालेली. तिची परीक्षा निघाली, त्याची दोनदा हुकली, मग त्यानं गावी जाऊन उसाच्या रोपांची रोपवाटिका काढली आणि ती चांगली चालवली. मुलगा सरळ होता, मुलीच्या मनात होता, आई-वडिलांचा होकार होता. प्रश्न होता त्याच्या आजोबांचा. त्या घरात आबांच्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं, आणि आबांचं म्हणणं असं की पोरीची नोकरी कळली, घर कळलं नाही. चौकशी केल्याशिवाय आपण हो म्हणत नाही.

आमच्याकडे चौकशी म्हणजे काय, ते निराळं सांगायला नको. दोन माणसं न सांगता येतात, शेजारपाजारी बसतात, पाणी पितात, पाऊसपाण्याचं बोलतात आणि उठता उठता विचारतात, माणसं कशी हायत? त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर पोरींची लग्नं ठरतात आणि मोडतात. मुलगी मला म्हणाली, "बाबा, एवढे दोन महिने कुणाशी भांडू नका." तिचा स्वर विनवणीचा होता. तिनं माझ्याकडे आजवर फारसं काही मागितलेलं नव्हतं, म्हणून मी तिला शब्द दिला.

आणि पाळलाही, इंदापुरापुरता. माझ्या गाडीपुढे रोज गाडी लावणाऱ्या शेजाऱ्याला मी रामराम घालू लागलो. समोरच्या दुकानदाराशी सुट्ट्यावरून घासाघीस बंद केली. मूळ गावी जाऊन, ज्या चुलतभावाशी बांधावरून बोलणं बंद होतं, त्याच्याकडे चहा पिऊन आलो. भाऊ इतका घाबरला की माझी तब्येत बरी आहे ना म्हणून त्यानं दोनदा विचारलं. नरसिंहपुराला नारळही बोललो. चौकशी येईल त्या सगळ्या वाटा मी झाडून ठेवल्या. बारामतीची वाट माझ्या डोक्यातच आली नाही. तिकडे मी आघाडी उघडून बसलो होतो.

एका रविवारी दुपारी जेवण करून मी फोन हातात घेतला आणि तात्यांना नोटीस लिहायला बसलो. थकबाकीदारांना पाठवायचा मजकूर माझ्या फोनमध्ये तयारच असतो. नाव-गाव बदलायचं, रक्कम बदलायची, की झालं. त्यात मी डागाबद्दल खास एक परिच्छेद घातला: "सदर डाग आमच्या आधीचा आहे. आमच्या कुटुंबातील कोणाही व्यक्तीचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही." लिहिताना मी तो मोठ्यानं वाचला. आतून बायको म्हणाली, "अहो, तो डाग म्हणजे..." मी तिला तिथंच थांबवलं. म्हटलं, तू मध्ये बोलू नकोस, हा कायद्याचा विषय आहे. ती गप्प बसली. पंचवीस वर्षांच्या संसारात कुठं गप्प बसायचं हे तिला कळतं. कुठं बोलायचं हे मला अजून कळलेलं नाही.

नोटीस पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या. मग मी कौतुकानं ती पुन्हा वाचायला घेतली आणि शेवटची ओळ मला तीनदा वाचावी लागली. वरचा मजकूर बदलला होता, खालचा तसाच राहिला होता. "विहित मुदतीत रक्कम न भरल्यास आपले तारण ट्रॅक्टर व ट्रॉली जप्त करून लिलाव करण्यात येईल याची नोंद घ्यावी."

म्हणजे चार हजारांच्या डागापायी मी तात्यांचा ट्रॅक्टर लिलावात काढला होता. तोही त्यांच्याच दारातला, ज्याच्या सावलीत मी अकरा वर्षं माझी मोटारसायकल लावली. काय करावं हे सुचायच्या आत तात्यांचं उत्तर आलं. एकच ओळ होती: "ट्रॉली पुतण्याची हाय."

मी फोन पालथा घालून झोपायचा प्रयत्न केला. माफी मागायला हवी होती हे कळत होतं, पण पडलो तरी नाक वर. म्हटलं, दोन दिवस जाऊ देत, तात्या विसरतील.

दोन दिवस गेले, आणि मुलाच्या वडिलांचा फोन आला. अगदी गोड आवाजात म्हणाले, काल आबांना घेऊन बारामतीला जाऊन आलो. आबा म्हणाले, जिथं अकरा वर्षं राहिले तिथं विचारायचं, भाडेकरूचं खरं घरमालकालाच माहीत असतं. तुमच्या तात्यांकडे तासभर बसलो, चहापाणी झालं. मी विचारलं, मग? ते म्हणाले, आबा जरा विचार करतायत. कळवतो.

कळवतो. लग्नाच्या बोलण्यात या शब्दाचा अर्थ कोणत्याही बापाला विचारा. मी स्वतः लोकांना शेकडो वेळा सांगितलंय की तुमच्या अर्जाचं कळवतो, आणि त्यातलं एकही कधी कळवलेलं नाही.

संध्याकाळी मुलगी कचेरीतून आली. तिला तिकडून आधीच कळलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, मला रागाची सवय आहे. तिनं फक्त विचारलं, "तात्यांशी तुमचं काही झालंय का?" मी म्हणालो, किरकोळ. ट्रॅक्टरचं सांगायची हिंमत झाली नाही. तिनं अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि ताट उचलून आत गेली. त्या क्षणी मला माझी खरोखर लाज वाटली. दुसऱ्यांच्या घरात जाऊन त्यांच्या बायकापोरांसमोर त्यांना मान खाली घालायला लावणं हा माझा धंदा, आता ती वेळ माझ्या घरी आली होती आणि आणणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मोटारसायकल काढली. जंक्शन गावावरून बारामती गाठेपर्यंत मी बोलायचं पाठ करत होतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनात आलं. मग लक्षात आलं की या म्हणीतलं गाढव तात्या नव्हेत, आणि हरी तर मी मुळीच नव्हे. पेढ्यांचा पुडा घ्यावा का यावर चौकात बराच विचार केला. लाच वाटेल म्हणून घेतला नाही. मग रिकाम्या हातानं जाणं वाईट दिसेल म्हणून पावशेर घेतला. या प्रसंगातही मी पावशेरच घेतला.

तात्या दारात ट्रॅक्टरचं चाक धूत होते. मला बघून पाइप खाली ठेवला.

"या. न्यायला आलाव व्हय? किल्ली आत हाय."

ते हसले नाहीत, म्हणून मलाही हसता येईना. काकूंनी पाणी दिलं, मग चहा दिला. नेहमीसारखं काही विचारलं मात्र नाही. मी पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. तात्या, चुकलं माझं. कापलंत ते बरोबरच कापलं, हवं तर आणखी कापा, पण माझ्यामुळे पोरीचं नुकसान होऊ देऊ नका. बोलता बोलता आवाज कातरला. वसुलीला बसल्यावर असा आवाज मी फार वेळा ऐकलाय आणि त्यातला खरा कोणता, खोटा कोणता, हे ओळखण्याबद्दल माझी ख्याती आहे. माझा खरा होता.

तात्या उठले आणि म्हणाले, "वर चला."

वरचा मजला अजून रिकामाच होता. नवा भाडेकरू आला नव्हता आणि रंगाचा कुठं ठिपकासुद्धा लागला नव्हता. रंगाचे पैसे कापले आणि रंग दिलाच नाही, हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं. पोरीचं लग्न टांगलेलं, मी हात जोडून आलेलो, तरी आलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. मी ओठ आवळून ते गिळलं.

आतल्या खोलीत तात्यांनी खिडकी उघडली आणि भिंतीकडे बोट केलं. डाग होता. खिडकीच्या बाजूला, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. गोल नव्हता, लांबट होता, दीडेक वीत. खाली फिकट आणि अरुंद, वर जाईल तसा रुंद, गडद होत गेलेला. त्याच्या खालची फरशी बसून बसून गुळगुळीत झाली होती.

आम्ही या घरात आलो तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती. तिची आई रोज सकाळी तिच्या केसांना खोबरेल लावून वेणी घालायची. मग ती या भिंतीला टेकून अभ्यासाला बसायची. शाळा, कॉलेज, परीक्षा, सगळं तिनं इथं बसून केलं. ती वाढली तसा तिचा डागही भिंतीवर चढत गेला होता. त्यावर मी लेखी कळवलं होतं की आमच्या कुटुंबातील कोणाही व्यक्तीचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही.

तात्या म्हणाले, "मी टाकी बघाय वर यायचो. कवाबी या, पोरगी हितंच. पेंटर म्हणला म्हणून मी पैसं कापलं, त्ये कापाय नको हुतं. पर तुमी डाग आमचा न्हायच म्हणून लिवलं, तवा मला वाईट वाटलं."

मी विचारलं, "आबांना काय सांगितलंत?"

"मला कुठं बोलाय येतंय? त्येंनी इचारलं पोरगी कशी हाय, मी त्येंना वर आणलं. ही भिंत दावली. आबा हितं बसलं, टेकलं, वर बघितलं, खाली बघितलं. म्हणलं, पोरीला धीर हाय."

"मग?"

"मग म्हणलं, बाप कसा हाय. मी म्हणलं, बापाला ही भिंत म्हाईत न्हाय."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. कुणी माझ्याबद्दल इतकं थोडक्यात आणि इतकं खरं कधी बोललं नव्हतं. नोटीस, ट्रॅक्टर, लिलाव, यातलं तात्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, मग मोडलंच की. तात्या म्हणाले, मोडतंय कशाला? आबा उठताना म्हणाले, आपल्याला पोरगी करायचीय, बाप न्हाय. तरी त्यांच्या कानावर काहीतरी गेलं असावं, की आपलं दोघांचं जरा वाकडं हाय. म्हणाले, लग्नात तुमी दोघं समोरासमोर बसणार, आधी तुमचं मिटू द्या. त्यो आपल्या पायानं आला तर मला फोन करा. न्हाय आला तर मी बघतो.

म्हणजे चौकशी माझीही झाली होती, आणि ती मी चहा पिताना, जिना चढताना, ओठ आवळताना चालूच होती. तात्यांनी खिशातून फोन काढला, बावड्याला लावला आणि मोठ्यानं बोलले, "आबा, आलं हायत. व्हय, आपल्या पायानं. मिटलं."

खाली आल्यावर त्यांनी चार हजार माझ्या हातात ठेवले. मी परत केले. त्यांनी पुन्हा दिले. मी पुन्हा छाती भरून म्हणालो, तात्या, आपल्यात कसला आलाय हिशेब. त्यावर तात्या पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, त्येवढं वाक्य पुन्यांदा बोलू नगा. शेवटी ते पैसे काकूंनी घेतले आणि पोरीच्या लग्नात आहेर करीन म्हणाल्या. वरती वांगी दिली. माझ्या पावशेर पेढ्यांच्या मानानं ती फारच होती.

इंदापूरला पोचलो तोवर बावड्याचा होकार घरी येऊन पोचला होता. बायको पुरणाची डाळ निवडत होती. मुलगी दारातच उभी होती. तिनं माझ्या हातातली वांग्यांची पिशवी घेतली आणि विचारलं, काय म्हणाले तात्या? मी म्हणालो, एका डागावरून वाद होता. आतल्या खोलीतला, भिंतीवरचा.

"तो? तो माझाच आहे की. आई रोज ओरडायची, मागे टॉवेल लावून बस म्हणून." मग माझ्याकडे बघून तिनं सहज विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं?"

लोकांच्या दारात मी आयुष्यभर खोटी 'नाही' ऐकली. पैसे नाहीत, मालक नाहीत, सही माझी नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून मी तिला म्हणालो, नाही. ती जरा बाजूला सरकली आणि मला आत येऊ दिलं.